तानपुऱ्याला मानवणारी हवा

आमच्या महाविद्यालयाच्या संगीत विभागात चार तानपुरे आहेत. त्यांपैकी दोन वाजतात. तिसऱ्याची तबली चिरलेली आहे आणि चौथ्याचा भोपळा दांडीपासून सुटल्यामुळे तो कपाटावर आडवा निजवून ठेवला आहे. तबल्याच्या पाच जोड्या आहेत. पावसाळ्यात सुरात लागते ती एखादीच. वापराने वाद्ये झिजली असे म्हणावे, तर तिसरा तानपुरा विभागात येऊन जेमतेम तीन वर्षे झाली आणि त्यांतले कितीतरी महिने तो सुट्ट्यांमुळे कुलपातच होता. कोणाच्या हातून तो पडला नाही, कोणी त्याला धक्का लावला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी धड होता, सुट्टीनंतर खोली उघडली तेव्हा चिरलेला होता. वाद्य न वाजता, नुसत्या हवेने बिघडू शकते ही गोष्ट कार्यालयाला पटवून देण्याचा उद्योग आम्ही काही विद्यार्थ्यांनी गेले वर्षभर केला. त्या निमित्ताने जे वाचले, मोजले आणि ऐकले ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

माझे बाबा सुतार आहेत. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे संगीत हा विषय घेतला तेव्हा घरी कोणालाच त्याचे नीट आकलन झाले नव्हते. पण तबली चिरल्याचे सांगितले तेव्हा त्यात बाबांना नवल वाटले नाही. ते एवढेच म्हणाले, "लाकूड कापलं तरी पानी प्याचं सोडत नाही, माय."

हे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर आहे. बैलगाडीची चाके ज्यांनी पाहिली आहेत त्यांना त्याचा पुरावा देण्याची गरज नाही. उन्हाळ्यात चाकाचे आरे खिळखिळे होतात, लोखंडी धाव सैल पडते. मग शेतकरी चाके काढून नदीच्या डोहात बुडवून ठेवतो. लाकूड पाणी पिते, फुगते आणि सांधे पुन्हा घट्ट होतात. पावसाळ्यात घराची दारे चौकटीला अडतात तेही याच कारणाने. मात्र दाराला रंधा मारता येतो आणि चाक डोहात टाकता येते; तानपुऱ्याच्या बाबतीत यांपैकी काहीच करता येत नाही.

लाकडात नेहमीच काही पाणी असते आणि भोवतालच्या हवेशी त्याची देवघेव चालू असते. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी उरते. आर्द्रता ५० असेल तर सुमारे ९ टक्के आणि ८० असेल तर सुमारे १६ टक्के. आता आपल्या वऱ्हाड-नागपूरकडची हवा पाहा. मे महिन्यात दुपारी पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. तीच ऑगस्टात ८० च्या वर असते. म्हणजे वर्षातून एकदा लाकूड पार सुकते आणि एकदा ओलावते. कोकणात हवा दमट असली तरी बरीचशी सारखी दमट असते. आपल्याकडे ती या टोकाची त्या टोकाला जाते.

लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही; ते बदलते रुंदीत, रेषांच्या आडव्या दिशेला. लाकडातले पाणी एक टक्क्याने कमीजास्त झाले की रुंदी साधारणपणे ०.१ ते ०.३ टक्के कमीजास्त होते, आणि हे प्रमाण लाकडाच्या जातीवर व ते कसे चिरले आहे यावर अवलंबून असते. तानपुऱ्याची तबली ३५ सेंटिमीटर रुंद धरली आणि पाण्यात १० टक्क्यांचा फरक पडला असे मानले, तर हिशेब साडेतीन मिलिमीटरपासून एक सेंटिमीटरपर्यंत जातो. हा हिशेब उघड्या लाकडाचा आहे. पॉलिश केलेले लाकूड इतक्या लवकर आणि इतके बदलत नाही हे खरे. पण मे महिन्याच्या आरंभापासून जूनच्या उत्तरार्धापर्यंत बंद असलेली, वरच्या मजल्यावरची, पश्चिमेकडे भिंत असलेली खोली लाकडाला भरपूर वेळ देते. तबली कडेने डिंकाने पक्की चिकटवलेली असते. तिला आकसायचे असते आणि कडा सोडत नाहीत. अशा वेळी ती मध्येच फाटते.

तानपुरा हे वाद्य या दृष्टीने फारच नाजूक आहे. त्याचे कारण त्याच्या घडणीतच आहे. आपल्याकडचे बहुतेक तानपुरे मिरजेहून येतात. मिरजेतील शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातील फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये बनवण्याचा व्यवसाय सुरू केला आणि तो त्यांच्या वंशजांनी आजपर्यंत चालवला आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तानपुऱ्यासाठी लागणारे कडू भोपळे सोलापूर जिल्ह्यात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकवतात. दांडी आणि तबली तूण या लाकडाची. म्हणजे एकाच वाद्यात वेलीचे फळ, झाडाचे लाकूड, हाडाची किंवा शिसवी घोडी आणि पोलाद-पितळेच्या तारा एकत्र नांदतात. हवा बदलली की यांपैकी प्रत्येकाची चाल वेगळी. लाकूड एका प्रमाणात आकसते, भोपळा दुसऱ्या, धातू तर जवळजवळ नाहीच. भोपळा आणि दांडी जिथे जोडलेली असतात त्या सांध्यावर या सगळ्या भांडणाचा भार येतो. जुन्या वाद्यांत हा सांधा सरसाने जोडलेला असतो. सरस कोरडेपणात ठिसूळ होतो आणि ओलाव्यात मऊ पडतो. आमचा चौथा तानपुरा इथेच सुटला.

आणि वाद्य न फुटताही बिघडते, हे तर कार्यालयाला समजावणे सर्वांत कठीण गेले. तबली दमट हवेत किंचित वर येते, कोरड्या हवेत किंचित खाली बसते. तिच्यावरच घोडी उभी असते. घोडीचा कल केसभर बदलला तरी जवारी बिघडते. तार घोडीच्या उतरत्या पाठीवर जशी टेकायला हवी तशी टेकत नाही आणि आवाज बसका किंवा पत्र्यासारखा होतो. चांगल्या जवारीच्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो. तो कोणी वाजवलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्या वर्षी मॅडम आम्हांला तो ऐकायला सांगत आणि वर्गातल्या निम्म्या मुलींना तो ऐकू येत नसे. आमचे कान कच्चे असतील असे आम्ही समजत होतो. पुढे मिरजेहून आलेल्या कारागिरांनी एका तानपुऱ्याची जवारी काढून दिली, आणि त्या दुपारी तो सगळ्यांनाच ऐकू आला!

तबल्याविषयी थोडक्यात सांगते. पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते. कातडे लाकडाहून उतावळे. पावसाळी हवेत तासाभरात सैल होऊन स्वर उतरतो आणि उन्हाळ्यात ताणून चढतो. उन्हाळ्यात चढवून ठेवलेला तबला तसाच कुलपात राहिला तर पुडी गजऱ्याजवळ फाटते. पावसाळ्यात शाईला भेगा पडतात, तिचे कण सुटतात आणि कातड्यावर बुरशी धरते. हवेतील आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशीला दुसरे आमंत्रण लागत नाही. पेटीचे हाल वेगळे नाहीत: पट्ट्या फुगून अडकतात, भात्याचे सांधे हवा सोडतात, पितळी सुरांवर मळ चढतो. उंदीर हा आणखी एक विषय आहे, पण तो येथे नको.

आता प्रश्न असा की हे सारे सांगितल्यावर मागायचे काय? आमच्या आधीच्या विद्यार्थ्यांनी दिलेले अर्ज मला विभागाच्या फाइलमध्ये वाचायला मिळाले. त्यांत सरस्वतीच्या मंदिराचा उल्लेख होता, कलेच्या उपेक्षेचा होता, आणि शेवटी 'तरी वातानुकूलन यंत्र बसवून मिळावे' अशी विनंती होती. प्रत्येकावर एकच शेरा: निधी उपलब्ध नाही. अर्ज तळमळीने लिहिलेले होते. पण ज्यांच्यासमोर ते जात, त्यांना हवेने तानपुरा फुटतो हेच मुळात माहीत नव्हते, आणि त्या अर्जांत ते कुठेही सांगितलेले नव्हते.

म्हणून आम्ही आधी मोजायचे ठरवले. काही शे रुपयांत आर्द्रतामापक मिळतो. वर्गणी काढून तो घेतला आणि पहिल्या तासापूर्वी व खोली बंद करताना असे रोज दोनदा आकडे वहीत लिहू लागलो. पहिल्याच महिन्यात एक गोष्ट उघड झाली. एप्रिलमध्ये सकाळी खोलीत आर्द्रता २७ टक्के होती. कूलर सुरू केल्यावर दुपारी दोन वाजता ती ६३ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ३० च्या आसपास. आम्हांला वाटत होते की वर्षातून दोनदा हवा बदलते. आमच्या खोलीत ती रोज बदलत होती आणि कूलरचा झोत नेमका तानपुऱ्यांच्या दिशेने होता. उन्हाळ्यात वाद्यांना ओलावा हवाच असतो. पण चार तास ओले वारे आणि वीस तास भट्टी असा तो नको असतो.

येथे स्थिरतेविषयी एक उदाहरण द्यावेसे वाटते. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीतील चित्रे बाँबहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी १९४१ साली वेल्समधील मॅनॉड येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत हलवली होती. खाणीतली हवा थंड आणि ओली. पण आत विटांच्या खोल्या बांधून त्या सुमारे १७ अंशांपर्यंत उबदार ठेवल्या, त्यामुळे आर्द्रता ४२ टक्क्यांच्या आसपास येऊन दिवसरात्र तेवढीच राहिली. चमत्कार असा झाला की लंडनमध्ये ज्या चित्रांचे रंग सतत पोपडे धरत आणि ज्यांची दुरुस्ती कायम चालू असे, त्यांना खाणीत दुरुस्ती लागेनाशी झाली. युद्धानंतर चित्रे लंडनला परतली आणि पोपडे पुन्हा सुरू झाले. जुनी चित्रे लाकडी फळ्यांवर रंगवलेली असत. तेव्हा त्यांचे दुखणे आणि आमच्या तबलीचे दुखणे एकाच जातीचे.

ऊब दिल्याने आर्द्रता कशी उतरते, असा प्रश्न प्राचार्य सरांनीही विचारला. हवा ही एक घागर समजा. तापली की घागर मोठी होते, निवली की लहान. २० अंशांना एक घनमीटर हवेत फार तर १७ ग्रॅम पाण्याची वाफ मावते, ३० अंशांना ३० ग्रॅम आणि ४२ अंशांना सुमारे ५६ ग्रॅम. घागर किती भरली आहे त्याची टक्केवारी म्हणजे सापेक्ष आर्द्रता. पाणी तेवढेच ठेवून घागर मोठी केली की ती रिकामी दिसू लागते. पावसाळ्यात जुने तबलजी तबल्याजवळ सिगडी ठेवत किंवा आता कपाटात छोटा दिवा लावून ठेवतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. उलट मे महिन्यात ४२ अंशांची, २० टक्के आर्द्रतेची हवा नुसती थंड करून २७ अंशांवर आणली, तर पाण्याचा एक थेंबही न घालता आर्द्रता ४० च्या पुढे जाते. वाद्यांना साधारणपणे ४० ते ६० टक्क्यांमधली हवा मानवते. उन्हाळ्यात त्यांना वाचवायचे तर खोली थंड ठेवणे हाच अर्धा उपाय आहे.

एवढे समजल्यावर वातानुकूलन यंत्राविषयीचे आमचेच मत बदलले. ते यंत्र तासापुरते लावले आणि कुलूप घालताना बंद केले, तर पावसाळ्यात ते अपाय करते. थंड झालेल्या लाकडावर बाहेरची दमट हवा येऊन बसते आणि दिवसातून एकदा वाद्याला ओले-कोरडे व्हावे लागते. यंत्र लावायचे तर रात्रंदिवस, नाहीतर त्याच्या भरवशावर वाद्य उघडे ठेवायचे नाही. संगणक कक्षात दोन यंत्रे आहेत आणि ती बसवताना कोणी कोणाला अर्ज करायला लावला नाही, हे आम्ही बोलून दाखवले नाही असे नाही. पण संगणक कक्षाशी भांडून तानपुरा दुरुस्त होणार नव्हता.

कोणी म्हणेल, पूर्वीच्या उस्ताद-पंडितांकडे कुठे होती यंत्रे? हा प्रश्न आम्हांला कार्यालयात दोनदा विचारला गेला. त्यांची घरे जाड भिंतींची आणि मातीच्या गिलाव्याची होती. माती ओलावा पिते आणि सावकाश परत देते, त्यामुळे आतली हवा फार हेलकावे खात नसे. वाद्य रोज हातात येई आणि रात्री गवसणीत जाई. आमची खोली स्लॅबखाली आहे, कपाट लोखंडी आहे, आणि वाद्याचा मालक म्हणून कोणी एक माणूस नाही. दुसरा आक्षेप आजच्या काळाचा: मोबाइलवर तानपुरा वाजतो, मग हा खर्च कशाला? मोबाइल सूर देतो हे खरे. पण तारा जुळवणे ही स्वतंत्र विद्या आहे आणि ती तार पिळल्याशिवाय येत नाही. शिवाय ज्यांच्या घरी वाद्य आहे त्या मुली घरी शिकतील. आमच्या वर्गातल्या बहुतेकींच्या घरी पेटीसुद्धा नाही. आम्हांला तानपुरा भेटतो तो याच खोलीत, आठवड्यातले चार तास. तो चिरला की आमचे शिक्षणच तेवढे कमी होते.

शेवटी काम झाले ते जड वस्तू संग्रह नोंदवहीने. बडे बाबूंनी ती आम्हांला पाहू दिली, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. प्रत्येक वाद्य कधी घेतले, केवढ्याला घेतले हे तिच्यात होते. दुरुस्तीची बिले वेगळ्या फाइलमध्ये होती. दोन्ही शेजारी मांडून पाच वर्षांतल्या दुरुस्त्यांची बेरीज केली, तर ती एका नव्या तानपुऱ्याच्या किमतीच्या पुढे गेली. त्याखाली आमच्या वहीतले आर्द्रतेचे आकडे ठेवले. तीन वर्षांपूर्वी घेतलेली वस्तू आता निर्लेखनाला लावावी लागेल, हे वाचल्यावर बडे बाबूच म्हणाले, "हे ऑडिटवाले विचारतील." प्राचार्य सर अर्थशास्त्राचे, त्यांना घसारा कशाला म्हणतात हे आम्ही सांगण्याची गरज नव्हती.

नव्या अर्जात मागण्यांचा क्रमही आम्ही उलटा लावला. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी: कूलरची दिशा बदलावी, वाद्ये पश्चिमेच्या भिंतीपासून हलवावीत, सुट्टीत आठवड्यातून एकदा शिपाईदादांनी खोली उघडून आकडे लिहावेत आणि उन्हाळ्यात कपाटात पाण्याचे उघडे भांडे भरून ठेवावे, सुट्टीपूर्वी तबले उतरवून आणि तानपुऱ्याच्या तारा थोड्या सैल करून ठेवाव्यात. मग थोड्या पैशांचे: गवसण्या शिवून घ्याव्यात, लोखंडी कपाटाऐवजी घट्ट दाराचे लाकडी कपाट द्यावे. लाकडी कपाट स्वतःच ओलावा पिते आणि सोडते, म्हणून आतल्या हवेचे हेलकावे बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी होतात. त्यानंतर पावसाळ्यासाठी हवेतले पाणी काढणारे छोटे यंत्र. ते पंख्याच्या तीन-चारपट वीज घेते, वातानुकूलन यंत्राहून कितीतरी कमी. वातानुकूलन अगदी शेवटी लिहिले. आणि एक मागणी मॅडमनी सुचवली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते: खोलीच बदलावी. तळमजल्यावर उत्तरेला, कडुनिंबाच्या सावलीत एक खोली आहे. साऱ्या इमारतीत एवढी थंड खोली दुसरी नाही. तिच्यात जुन्या उत्तरपत्रिका ठेवलेल्या होत्या.

खोली दिवाळीनंतर मिळाली. ग्रंथालयाने टाकून दिलेले एक लाकडी कपाट बाबांनी दोन रविवार येऊन नीट केले, दारांच्या कडांना फेल्टच्या पट्ट्या लावल्या आणि मजुरी घेतली नाही. ओलावा काढणाऱ्या यंत्राला जूनपूर्वी खरेदीची मंजुरी मिळेल असे सांगितले आहे. वातानुकूलनावर 'पुढील आर्थिक वर्षात विचार करावा' असा शेरा आहे. तिसरा तानपुरा मात्र अजून मिरजेला पाठवलेला नाही. नव्या कपाटात एक उन्हाळा आणि एक पावसाळा कसा जातो ते पाहून मगच दुरुस्तीचा खर्च करावा, असे विभागाने ठरवले आहे. हा लेख देताना, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी दोन वाजता वहीत लिहिलेले आकडे असे: खोलीत ३३, कपाटात ४५.